मे महिन्यातली कोरडी तालीम: फोन बंद, घर तयार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात आम्ही घरचे एक दिवस फोन, इंटरनेट आणि वीज बंद ठेवून राहतो. ओळखीपाळखीचे लोक त्याबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. काही जण थट्टेने, काही खरोखर. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हा डिजिटल उपवास आहे की वादळाची तयारी?

वादळाची तयारी. उपवासाचं पुण्य मिळालं तर वरकड.

डिजिटल उपवासाबद्दल माझं मत फारसं बरं नाही. रविवारी फोन कपाटात ठेवायचा, संध्याकाळी त्याचं कौतुक स्टेटसवर टाकायचं आणि रात्री दोन वाजेपर्यंत राहिलेलं सगळं बघून काढायचं. एकादशी आणि दुप्पट खाशी. आम्ही करतो ती तालीम आहे. नाटकाची रंगीत तालीम असते तशी ही वादळाची कोरडी तालीम, कारण पाऊस अजून यायचा असतो. वीज आणि फोन नसताना घरात काय काय अडतं, ते वादळाच्या दिवशी कळण्यापेक्षा आधीच्या महिन्यात कळलेलं बरं, एवढाच हेतू.

पण आता गावोगाव टॉवर आहेत. फोन कसा बंद पडेल?

टॉवर विजेवरच चालतो. वीज गेली की तो बॅटरीवर जातो, बॅटरी काही तास टिकते, मग डिझेलचा जनरेटर लागतो. रस्त्यावर आंब्याची, फणसाची झाडं आडवी पडलेली असताना डिझेल कोण आणणार? शिवाय टॉवरपर्यंत येणारी केबल बऱ्याच ठिकाणी रस्त्याकडेने खांबांवरून येते. खांब पडला की टॉवर उभा असूनही मुका.

निसर्गने दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आमची वीज सकाळीच गेली होती. फोन दुपारपर्यंत एक-दोन काड्या दाखवत होता, मग गेला तो गेलाच. वीज एकविसाव्या दिवशी आली. त्यात टाळेबंदीचे दिवस, त्यामुळे मुंबईहून कुणी येणं कठीण. घरात चार माणसं, चार फोन, आणि माझ्या मावशीचा नंबर चौघांपैकी एकालाही पाठ नव्हता. तालमीची कल्पना तिथून निघाली.

तालीम कधी आणि किती वेळ करावी?

अरबी समुद्रातल्या वादळांचे दोन हंगाम असतात: पावसाळ्याच्या तोंडावर मे-जून आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, क्यार २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस, तौक्ते मे २०२१ मध्ये, बिपरजॉय जून २०२३ मध्ये. म्हणून तालीम एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात केलेली बरी. मुलांना सुट्टी असते, चाकरमानी गावी आलेले असतात, आणि काही कमी आढळलं तर बाजारातून आणायला वेळ असतो.

शनिवारी संध्याकाळी सहा ते रविवारी संध्याकाळी सहा. यात एक रात्र येते, आणि रात्र हवीच. दिवसा सगळेच शूर असतात.

हवामान खात्याने कसलाही इशारा दिलेला असेल त्या दिवशी मात्र तालीम करू नका.

काय बंद ठेवायचं आणि काय चालू?

फोन, वायफाय, टीव्ही, पंखे, दिवे, पाण्याचा पंप, मिक्सर बंद. फ्रिज आम्ही चालू ठेवतो, कारण मे महिन्यात आमरस नासवून शहाणपण मिळवण्याची हौस नाही. घरात कुणाला ऑक्सिजनचं यंत्र किंवा नेब्युलायझर लागत असेल तर त्याला हात लावायचा नाही. एक फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून डब्यात ठेवायचा आणि डबा घरातल्या सगळ्यात कडक माणसाकडे द्यायचा. आमच्याकडे ती जबाबदारी सासूबाईंची. गेल्या चार वर्षांत डबा एकदाही उघडलेला नाही, यावरून काय ते समजा.

नातेवाइकांना आणि ऑफिसला आदल्या दिवशी सांगून ठेवा. नाहीतर तुमचा फोन लागत नाही म्हणून शेजारच्यांच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहतं. आमच्याकडे आलं होतं.

मुलं कंटाळतात त्याचं काय?

कंटाळू द्या. वादळातही कंटाळणारच आहेत. पत्त्यांचा एक कॅट घरात असू द्या आणि त्यात बावन्न पानं आहेत का ते आधी मोजा.

पहिल्या तालमीत काय काय अडलं?

जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं तेच. घड्याळ, उदाहरणार्थ. भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षं बंद होतं, कारण वेळ सगळे फोनमध्येच बघायचे. रात्री जाग आली तेव्हा पहाट झाली की मध्यरात्रच आहे ते कळेना. टॉर्चही फोनमधलाच. घरातली खरी बॅटरी सापडली, पण तिच्यातले सेल फुगून गंजलेले. मेणबत्त्या होत्या, काडेपेटी नव्हती, कारण गॅस लायटरने पेटतो. देवघरातल्या काडेपेटीत तीन काड्या निघाल्या.

पाण्याची गोष्ट अधिक गंभीर. विहीर परसात आहे, पाणी भरपूर, पण पंप बसल्यापासून रहाट नुसता शोभेला उभा होता. कळशी सोडली तेव्हा दोर मध्येच तुटला आणि कळशी तळाला गेली. खरं वादळ असतं तर वीस फुटांवर पाणी दिसत असून तहानलेले राहिलो असतो. ज्यांच्या घरी बोअरवेल आहे त्यांच्याकडे तर दोर सोडायचीही सोय नाही. त्यांनी हौद, पिंप, बादल्या आधीच भरून ठेवण्याला पर्याय नाही.

पैशांचंही तसंच. घरात रोख साडेतीनशे रुपये निघाले. दुकानदाराकडचा क्यूआर कोड नेटवर्कशिवाय म्हणजे नुसतं चित्र, आणि एटीएमला वीज लागते. आता आम्ही दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा मिळून दोन हजार रुपये एका पाकिटात ठेवतो. पाचशेची नोट तेव्हा कामाची नसते, सुट्टे कुणाकडेच नसतात.

आणि नंबर. आता शाळेच्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलेले पंधरा नंबर माजघरात टांगलेले आहेत: नातेवाईक, सरपंच, वायरमन, प्राथमिक आरोग्य केंद्र, गॅसवाला, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, सगळ्या संकटांसाठीचा ११२ आणि विजेच्या तक्रारीचा १९१२. नंबर पेन्सिलीने नको, शाईपेनाने तर नकोच. बॉलपेनाने लिहा, दमट हवेत टिकतं.

फोन नसताना वादळ कुठे आहे ते कसं कळणार?

याचं पहिलं उत्तर रेडिओ. सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घ्या आणि आकाशवाणीचं तुमच्या भागात लागणारं केंद्र आधीच शोधून डायलवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. फोनमधल्या रेडिओवर विसंबू नका. बहुतेक फोनना त्यासाठी वायरचा इअरफोन ॲन्टेना म्हणून लागतो आणि नव्या फोनांत तर बऱ्याचदा रेडिओच नसतो.

बंदराजवळ राहत असाल तर बावटा. बंदरावर लावल्या जाणाऱ्या या खुणांना आपल्याकडे सरसकट बावटाच म्हणतात, मग दिवसा त्या शंकू आणि नळकांड्यासारख्या आकाराच्या असोत की रात्री दिवे असोत. एकपासून अकरापर्यंत त्यांचे क्रमांक आहेत. तीन नंबर लागला की बंदरावर वाऱ्याचा जोर होणार, सावध राहा. आठ, नऊ, दहा म्हणजे महाधोका. आणि अकरा नंबरचा अर्थ मला फार आवडतो: हवामान केंद्राशी असलेला संपर्कच तुटला आहे. फोन बंद पडण्याची शक्यता गृहीत धरून ज्यांनी खूण नेमली ती माणसं आपल्यापेक्षा शहाणी होती.

तिसरा मार्ग तुमच्या पाठीचा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि डावा हात आडवा पसरा. वादळाचा मध्य साधारण त्या बाजूला असतो, जमिनीवर थोडा पुढच्या अंगाला. आपल्या गोलार्धात वादळातला वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, म्हणून हे जमतं. वादळ किनाऱ्याला समांतर वर जात असेल, तौक्तेसारखं, तर वारा आधी आग्नेयेकडून येतो, मग दक्षिणेकडून, मग नैर्ऋत्येकडून. नैर्ऋत्येचा झाला म्हणजे वादळ उत्तरेला सरकलं. हे घराच्या आतून, झाडांच्या शेंड्यांकडे बघून करायचं. हात पसरून अंगणात उभं राहायचं वय माझ्या पुतण्याचंही नाही.

चौथी गोष्ट भरती. कोळीवाड्यात विचारलंत तर गणित तोंडावर मिळेल: तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास निघतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. द्वादशीला नऊ. मग साधारण सव्वाबारा तासांनी पुन्हा. हा हिशोब ढोबळ आहे, तासाभराचा फरक पडतो, पण कालनिर्णय भिंतीवर असेल तर इंटरनेट लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी. वादळ उधाणाच्या भरतीला येऊन आदळलं तर पाणी घरात येतं आणि भांगाच्या ओहोटीला आलं तर तेच वादळ वाळूवरून परत जातं. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो. दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर फुगतो, आणि त्यावर वारा पाणी ढकलत आणतो ते वेगळंच.

हवामान खात्याचे यलो, ऑरेंज, रेड इशारे म्हणजे नेमकं काय?

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. गैरसमज असा की लाल म्हणजे "आता घाबरा". खरं तर लाल दिसेपर्यंत तयारी आटोपलेली हवी. आमच्या घरी नारिंगीला पत्रे बांधून होतात.

वेगाबद्दलही थोडं. ताशी ६२ किलोमीटरला खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं आणि तिथेच त्याला नाव मिळतं. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, आणि २२२ ला महाचक्रीवादळ. आकडा दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, हे लक्षात ठेवा. ताशी साठला जो पत्रा नुसता खडखडतो तो एकशेवीसला खडखडत नाही, जातो.

नावांची यादी तेरा देश मिळून देतात. निसर्ग हे बांगलादेशने दिलेलं, २०२० च्या नव्या यादीतलं पहिलंच नाव. तौक्ते म्यानमारचं, त्याचा अर्थ पाल. तेव्हा खरोखरच मनात पाल चुकचुकली होती: १७ मे २०२१ ला कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला, आणि वादळ तर मुंबईत आलंही नव्हतं, समुद्रातून सौराष्ट्राकडे निघालं होतं.

घराचं काय काय बघायचं?

छप्पर आधी. मंगलोरी कौलं असतील तर शाकारणी दरवर्षी होतेच, पण कडेच्या दोन ओळी आणि कोणे सिमेंटने पक्के करून घ्या. वारा छप्पर उचलायला सुरुवात करतो ती कडेपासून. पत्रे असतील तर जे-हुक आणि नट हाताने हलवून बघा. गंजलेला नट वादळाची वाट बघत नाही, साध्या वळवाच्या पावसातही सुटतो. पडवीवरचे सुटे पत्रे काढून आत ठेवा. उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या घरात शिरतो आणि पुढच्या तीन पिढ्या बोलणी ऐकावी लागतात.

झाडं मे महिन्यातच बघायची. घरावर झुकलेल्या फांद्या तोडा, माडावरचे सुकलेले झाप आणि नारळ उतरवून घ्या. पोफळीचं मात्र काही करता येत नाही. निसर्गमध्ये आमच्या आगरातल्या पोफळी एका रांगेत, एकाच दिशेला मोडल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे, पण नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. त्या वर्षी लावलेली रोपं आता कुठे उंबरठ्यावर आली आहेत.

गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी भरून ठेवा. पाणी साठतं आणि ओझ्याने टाकीही जागेवर राहते. रिकामी टाकी मी रस्त्यावरून गडगडत जाताना पाहिली आहे.

विहिरीला जाळी असेल तर बांधा, नाहीतर पालापाचोळा आणि मेलेलं कायकाय पाण्यात पडतं. समुद्राचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर ती उपसल्याशिवाय पिऊ नका.

खिडक्यांच्या काचांवर टेपची फुली मारायची का? वारा बाहेर जायला एक खिडकी उघडी ठेवतात म्हणे?

फुलीने काच वाचत नाही, फक्त तुकडे मोठे पडतात. फळ्या ठोका, नाहीतर त्या खोलीत बसू नका. खिडकी उघडी ठेवणं तर शुद्ध गाढवपणा. आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो. सगळं गच्च बंद.

शिधा किती?

कोकणात या प्रश्नाचं उत्तर आजीने आधीच देऊन ठेवलं आहे: पावसाळ्याची बेगमी. पूर्वी मे महिन्यात घरोघरी चार महिन्यांचं सामान भरलं जायचं, कारण पावसात साकव, म्हणजे ओढ्यांवरचे छोटे पूल, वाहून जायचे आणि बाजार तुटायचा. तांदूळ, कुळथाची पिठी, सोलं, पापड, फणसपोळी, सुकट, सोडे, बोंबील. यातल्या कशालाही फ्रिज लागत नाही. सगळं रोज ऑनलाइन मागवायची सवय लागली तशी बेगमी मागे पडली आणि तिच्या जागी पनीरचं पाकीट आलं.

चार महिन्यांचं नको, दहा दिवसांचं भरा. पिठी-भात दहा दिवस कुणीही खाऊ शकतं, तक्रार करत का होईना. पोहे, शेंगदाणे, गूळ आणि मीठ-साखरेची पाकिटं जास्तीची ठेवा. गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला असू द्या. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज चार लिटर धरा. गढूळ आलं तर तुरटी फिरवून निवळू द्या, गाळा आणि उकळा. नुसती तुरटी पुरत नाही, तिने गाळ बसतो, रोगजंतू मरत नाहीत.

फ्रिज बंद पडला तर दार उघडायचं नाही. न उघडता खालचा कप्पा चारेक तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत. दर अर्ध्या तासाने "अजून गार आहे का" म्हणून बघणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो. त्याला आधीच ताकीद द्या.

पॉवर बँक आणि इन्व्हर्टर असताना एवढी चिंता कशाला?

हिशोब करून बघा. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात साधारण सहा-साडेसहा हजार फोनमध्ये उतरतं, बाकीचं रूपांतरात जातं. पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन एकदा पूर्ण आणि थोडा वर. चार माणसांच्या घरात एका संध्याकाळीच संपली. दीडशे एएचची इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे सुमारे अठराशे वॅट-तास. एक जुना पंखा आणि दोन एलईडी दिवे मिळून शंभर वॅट धरले तर नुकसान वजा जाता पंधराएक तास. आमचा अंधार एकवीस दिवसांचा होता.

फोन जास्त टिकवायचा तर तो विमान मोडवर टाका. सिग्नल नसला की फोन टॉवर शोधण्यासाठी सारखा जोर लावतो आणि खिशात नुसता पडूनही दिवसभरात संपतो. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चालू करा, बघा, बंद करा. कॉल लागत नसेल तेव्हा साधा एसएमएस पाठवून बघा, क्षीण सिग्नलवरही तो कधी कधी निघून जातो. छोटा सौर दिवा परवडत असेल तर घ्या, पण वादळानंतरचे दोन दिवस आभाळ दाटलेलं असू शकतं हे धरून चाला.

औषधांचं?

रोजच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील इतक्या, प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, चिठ्ठीसकट. इन्सुलिनची चिंता बरेच जण करतात. वापरात असलेली कुपी साधारण महिनाभर घरातल्या गार जागी टिकते, पण घर तापतं तेव्हा ती मातीच्या माठाजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या भांड्यात ठेवा. कुपी पाण्यात बुडू द्यायची नाही. न उघडलेल्या कुप्यांचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांना मे महिन्यातच विचारून ठेवा.

वादळानंतर चिखलातून चालावं लागतं. पायाला जखम असेल तर गमबूट घाला आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला तर लेप्टोचा (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) संशय धरून आरोग्य केंद्र गाठा. सापही घरात आसरा शोधतात. रात्री चप्पल झटकून घाला.

प्रत्यक्ष वादळ येत असेल तेव्हाही फोन बंद ठेवायचा का?

नाही. तेव्हा फोन जपून वापरायचा. चक्रीवादळ असताना हवामान खात्याचं पत्रक तीन-तीन तासांनी निघतं आणि ते किनाऱ्याजवळ आलं की दर तासाला माहिती येते. म्हणजे तीन तासांतून एकदा बघितलंत तरी तुमचं काही चुकत नाही. मधल्या वेळात ग्रुपवर येतं ते बहुतेक दुसऱ्याच वर्षाच्या, दुसऱ्याच समुद्राच्या लाटांचं असतं. निसर्गच्या सकाळी आमच्या ग्रुपवर एका पुलाचा व्हिडिओ फिरत होता. त्या आकाराचा पूल आमच्या तालुक्यातच नाही.

आम्ही पुण्यात (किंवा दुबईत, न्यू जर्सीत). आईबाबा गावी एकटे. फोन लागत नाही तेव्हा काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. वादळाच्या दिवशी घरातली माणसं कामात असतात, जीव लांबच्यांचा जातो.

फोन लागत नाही याचा अर्थ वाईट बातमी असा घेऊ नका. तो टॉवरचा प्रश्न असतो. आधीच ठरवून ठेवा की किनाऱ्यापासून दूर राहणारा एकच नातेवाईक निरोप्या असेल. आमच्यासाठी कराडचा आतेभाऊ. गावातून ज्याला कुणाला सिग्नल मिळेल त्याने फक्त त्याला एक ओळ पाठवायची, बाकी सगळ्यांनी त्यालाच विचारायचं. नाहीतर आईच्या फोनवर राहिलेली चार टक्के बॅटरी सतरा जणांना "आम्ही बरे आहोत" सांगण्यात संपते. २०२० मध्ये आमचं तेच झालं.

वेळही ठरवा: "तीन दिवस काही कळलं नाही तर चौथ्या दिवशी हालचाल." तालमीत हेही करून बघा. चोवीस तास आईचा आवाज ऐकू येणार नाही, हा सराव मुलालाही हवा.

आणि कृपा करून वादळाच्या भर दुपारी बाबांना "बाहेर जाऊन व्हिडिओ पाठवा" म्हणू नका.

मध्येच वारा एकदम पडला तर?

आतच थांबा. वादळाचा डोळा डोक्यावर आला असेल. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने, तितक्याच जोराने येतो. कौलं बघायला बाहेर आलेली माणसं तेव्हाच सापडतात. रेडिओवर वादळ पुढे सरकल्याचं सांगितल्यावरच दार उघडा.

वीज परत येताना काही काळजी?

वादळाआधी मेन स्विच पाडून ठेवा आणि टीव्ही, डिश, राउटर, फ्रिज यांचे प्लग काढा. वीज पहिल्यांदा येते तेव्हा दाब कमीजास्त होतो आणि वाचलेली उपकरणं त्याच मिनिटाला जळतात. अंगणात पडलेली तार मेलेली समजू नका.

जनरेटर आणला असेल तर तो कधीही घरातल्या सॉकेटमध्ये उलटा जोडू नका. ती वीज तारेतून मागे जाते आणि खांबावर चढलेल्या माणसाला लागते. आमच्याकडे बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन भर पावसात खांब उभे करत होते, रात्री शाळेच्या वर्गात झोपत होते. जनरेटर बंद खोलीतही चालवायचा नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता जीव घेतो.

फोनशिवाय मन शांत होतं का हो?

पहिले चार तास अजिबात नाही. हात सारखा खिशाकडे जातो. रात्री नऊनंतर जरा बरं वाटतं, कारण करण्यासारखं काही उरत नाही आणि ओटीवर सगळे एका कंदिलाभोवती येतात. पण मी त्याचं गुणगान करणार नाही. निसर्गनंतरचे एकवीस दिवस फोन नव्हता आणि त्यातला एकही शांत नव्हता. बंद ठेवलेला फोन आणि बंद पडलेला फोन या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

एवढं मात्र खरं की दुसऱ्या तालमीच्या रात्री सासूबाईंनी सहज सांगितलं, त्या लहान असताना वादळ झालं की गावातले सगळे देवळात कसे जमत आणि कुठल्या घराच्या भिंती दगडी आहेत हे पोरासोरांनाही कसं ठाऊक असे. मी लग्न होऊन आले त्याला अठरा वर्षं झाली, मला ते पहिल्यांदाच कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन त्या घराच्या मालकांना विचारून आलो की वेळ आली तर येऊ का. आता पुठ्ठ्यावर सर्वांत वर त्यांचं नाव आहे, नंबराशिवाय, कारण घर हाकेच्या अंतरावर आहे.

तालीम संपली, फोन चालू केला. आता?

फोन हातात घेण्याआधी कागद घ्या. जे अडलं ते लिहा आणि पुढे कोण आणणार त्याचं नाव लिहा. अर्ध्या तासाने काही आठवत नाही, कारण तोवर दोनशे मेसेज येऊन पडलेले असतात. आमचा यंदाचा कागद असा: कंदिलाच्या वाती, मी. सासूबाईंच्या चष्म्याची जुनी जोडी शोधणे, नवरा. कडेची सात कौलं, गवंड्याला निरोप. ट्रान्झिस्टरचे सेल, पुतण्या. पत्त्यांतली इस्पिकची राणी, कुणीतरी. रहाटाचा दोर, नायलॉनचा नको, काथ्याचा, चाळीस फूट.